पूल मोजून पाहिलेलं व्हेनिस

शनिवार, रात्री

व्हेनिसहून परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, गोंडोलात बसलात ना? नाही बसले. अर्ध्या तासाचे ९० युरो हे एक कारण झालं, पण ते कसेबसे दिलेही असते. खरी अडचण पायाची. काठावरून खाली, हलत्या होडीत पाय टाकायचा आणि क्षणभर सगळा भार त्या एकाच पायावर घ्यायचा, हे माझ्या संधिवाताला जमण्यातलं नाही. मग मी गोंडोले काठावरूनच पाहिले, आणि इतके निवांत पाहिले की आत बसणाऱ्यांच्या लक्षात येत नसेल ते मला दिसलं. गोंडोला सरळ नसतो. वल्हं एकच, तेही उजव्या अंगाला. होडी एकाच जागी गोल फिरू नये म्हणून डावी बाजू उजवीपेक्षा २४ सेंटिमीटर रुंद बांधतात, त्यामुळे तो मुळातच उजवीकडे झुकलेला. भाची म्हणाली, "मावशी, हा तुझ्यासारखाच कलंडत चालतो." कार्टी मेली.

लोकांना वाटतं, तिथे गाड्या नाहीत, सगळीकडे पाणी, म्हणजे बसून फिरायचं गाव. प्रत्यक्षात बोटीतून उतरलात की पायांवाचून गती नाही. ११८ बेटं आणि ती जोडणारे चारशेहून जास्त पूल. पुलाखालून होडी जायला हवी, म्हणून पूल मधे उंच, आणि उंच म्हणून दोन्हीकडे पायऱ्या. पायऱ्या तशा बुटक्या, पण त्यांच्या कडेला पांढऱ्या इस्त्रियन दगडाची पट्टी असते, लोकांच्या पावलांनी गुळगुळीत झालेली. पावसाचे चार थेंब पडले की काठीचं रबर तिच्यावरून सरकतं. आमच्या चाळीचा जिना त्याहून उभा आणि अंधारा, पण त्याला वरून दोर लोंबतो. तो धरून मी लग्न झाल्यापासून चढते-उतरते आहे. ज्यांचे गुडघे गेलेत त्यांना वेगळं सांगायला नको, चढ एक वेळ परवडतो, उतार नको.

म्हणून तिथे अंतर किती हा प्रश्नच फोल. पाच मिनिटांच्या वाटेवर तीन पूल असले तर ती वाट माझ्यासाठी नाही, आणि वीस मिनिटांची सपाट वाट असली तर दोनदा बसून मी ती पार करते.

जायच्या आधी एका टूरवाल्याकडे चौकशीला गेलो होतो. त्याने माझ्या काठीकडे पाहिलं आणि ह्यांना म्हणाला (मला नाही, ह्यांना), "व्हेनिसच्या दिवशी मॅडमना हॉटेलवर आराम करू द्या, बाकीचे जाऊन येतील." पैसे मात्र पूर्ण. ह्यांनी काही बोलायच्या आत मी पर्स उचलली आणि निघाले.

मग भाचीला फोन. ती जर्मनीत असते. तिने पहिल्याच दिवशी व्हेनिसच्या पालिकेचा नकाशा शोधून पाठवला. कुठल्या धक्क्यावर उतरलं तर एकही पूल न चढता कुठवर जाता येतं, ते त्यात रंगवून दाखवलेलं. असा कागद आपल्या मुंबईतल्या स्टेशनांचा कुणी काढला तर मी लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवीन. कुठल्या पुलाला सरकता जिना, तो वर जातो की खाली, लिफ्ट कुठल्या टोकाला, हे सगळं आपण आपलं डोक्यात ठेवून जगतो. गिरगावात भुयारी मेट्रो आली तेव्हा घरातल्यांनी गाडी पाहिली, मी आधी लिफ्ट पाहिली.

राहायचं कुठे यावरून बराच खल झाला. बहुतेक सहलींची माणसं मेस्त्रेला, म्हणजे खाडीपलीकडच्या जमिनीवर राहतात, कारण स्वस्त. आम्ही लीडो धरलं. लीडो म्हणजे खाडी आणि समुद्र यांच्यामधली लांबट पट्टी. तिथे साधे डांबरी रस्ते आहेत, गाड्या आहेत, बस आहे. हॉटेलच्या दारात बस, बसमधून धक्का, धक्क्यावरून बोट. पायऱ्यांचा संबंधच नाही. ह्यांना सुरुवातीला ते फसवणूक केल्यासारखं वाटत होतं, "व्हेनिसला जाऊन व्हेनिसबाहेर राहायचं?" दुसऱ्या दिवशी रात्री गुडघ्यांना शेक न घेता मी झोपले, तेव्हा त्यांचं त्यांनाच कळलं.

रविवार, दुपारी

लीडोचा खरा फायदा वेगळाच. तिथली बोटसेवा म्हणजे आपली बेस्ट. मोठ्या सपाट बोटीला वापोरेत्तो म्हणतात, आणि त्यातली एक नंबरची लीडोहून सुटते. सुटते म्हणजे रिकामी असते. जागेसाठी उलटी गाडी पकडून डोंबिवलीहून कल्याणला जाणाऱ्या माणसांच्या गावची मी. सुरुवातीच्या धक्क्यावरून चढण्याचं महत्त्व मला कुणी शिकवायला नको. पुढच्या धक्क्यांवर माणसं खांबांना धरून उभी, आणि मी खिडकीशी.

बोटीत चढताना छातीत धडधडत होतं. डोळ्यांसमोर गेटवेच्या शेवाळलेल्या पायऱ्या, वरखाली होणारी लाँच आणि दंड धरून "या मावशी, टाका पाय" म्हणणारा खलाशी. इथे तसं नाही. धक्काच पाण्यावर तरंगता. भरती-ओहोटीबरोबर तोही वरखाली होतो, त्यामुळे धक्का आणि बोट यांची पातळी जवळपास सारखी राहते. बोट जवळ आली की खलाशी जाड दोराचा वळसा धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्याला टाकतो, दोर करकरतो, बोट अंगाला अंग घासत थांबते, मग तो लोखंडी फाटक सरकवतो आणि धक्क्याचं नाव ओरडतो. एका खेपेला तिथे खलाशी बाई होती. तिने माझी काठी पाहिली आणि मी आत जाऊन बसेपर्यंत मागची गर्दी नुसत्या तळहाताने अडवून धरली. चढउतार असते ती काठावरून धक्क्यावर येणाऱ्या फळीला, ओहोटीला ती जरा उतरती होते. तेवढं सांभाळायचं. बाकी चार आणि पाच नंबरच्या छोट्या बोटी येतात, त्यांत आत बसायला पायऱ्या उतराव्या लागतात. त्या मी सोडून दिल्या.

एका तिकिटाला ९.५० युरो, तेही ७५ मिनिटांपुरतं. म्हणून सरळ काही दिवसांचा पास काढला आणि मग तोच तो फेरा पुन्हा पुन्हा मारला. भाची वैतागली, मी नाही. मोठा कालवा पावणेचार किलोमीटरचा, उलट्या एस अक्षरासारखा वळत गेलेला. एक नंबरची बोट कधी या काठाला, कधी त्या काठाला लागत रमतगमत जाते. आणि सारे वाडे तोंड करून पाण्याकडे. नक्षीची गवाक्षं, मोठा दरवाजा, दरवाज्यापुढे पाण्यात उतरणाऱ्या हिरव्यागार झालेल्या पायऱ्या. व्यापाऱ्यांची घरं ती. माल होडीतून यायचा तो थेट तळमजल्यावर उतरायचा, आणि घरधनी वर राहायचे. पाहुणाही होडीनेच यायचा. का द'ओरो म्हणून एक पंधराव्या शतकातला वाडा आहे, त्याच्या दर्शनी भागाला एके काळी सोन्याचा मुलामा होता म्हणे. हे सगळं शिल्पकाम केलं ते पाण्यावरून येणाऱ्यासाठी. गल्लीबोळांतून धापा टाकत पायी येणारा या घरांच्या मागच्या बाजूला पोचतो, तिथे बहुतेक ठिकाणी साधी भिंत आणि साधं दार. टूरवाल्याने मला हॉटेलवर ठेवलं असतं, पण शहराने आपली पुढची बाजू बसलेल्या माणसासाठी राखून ठेवली आहे.

सान मार्कोच्या चौकाला जायचं तर सगळे सान झक्कारियाच्या धक्क्यावर उतरतात. तिथून चौकात यायला वाटेत पूल आहे, राजवाड्यातून तुरुंगात नेणाऱ्या निःश्वासांच्या पुलाचे फोटो काढायला गच्च भरलेला. एक धक्का पुढे, वाल्लारेस्सोला उतरलं की गल्लीतून सरळ सपाट चौकात. पूल शून्य. आम्ही पोचलो तेव्हा ह्यांनी विजयी वीरासारखी छाती काढली होती.

डोजेच्या, म्हणजे जुन्या व्हेनिसच्या निवडून आलेल्या राज्यप्रमुखाच्या, राजवाड्यात लिफ्ट आहे. लिफ्टने गेलं की सोनेरी जिना राहतो, राहू दे. वर महासभेचं दालन, ५३ मीटर लांब, एका टोकाची अख्खी भिंत व्यापणारं तिंतोरेत्तोचं स्वर्गाचं चित्र. भिंतीकडेला बाकं होती. मी बसले. गटामागून गट आले, मानेने वर पाहिलं, फोटो काढले, गेले. मी मान मागे टाकून छताखालची राज्यकर्त्यांच्या तसबिरींची रांग एकेक करून पाहत होते. ओळीने दाढ्या, टोप्या, अंगरखे. आणि मधेच एका चौकटीत माणूसच नाही, काळा पडदा रंगवलेला आणि त्यावर लॅटिन अक्षरं. मारिनो फालिएरो. प्रजासत्ताक मोडून स्वतः राजा व्हायचा बेत केला म्हणून १३५५ मध्ये त्याचं डोकं उडवलं, आणि पुढे त्याच्या जागी हे. भाचीने मोबाइलवर वाचून दाखवलं. नुसता वगळला असता तर लोक विसरले असते. इतक्या तसबिरींतली मला आज आठवते ती हीच एक.

तिथून निःश्वासांच्या पुलावरून तुरुंगात जायचा रस्ता अरुंद आणि पायऱ्यांचा. भाची एकटी जाऊन आली. म्हणाली, काही नाही गं, काळोख आहे. तिचं मन राखायला मी विश्वास ठेवला.

चौकातल्या मनोऱ्यालाही लिफ्ट आहे. ९८ मीटरहून उंच मनोरा, १४ जुलै १९०२ च्या सकाळी आख्खाच्या आख्खा खाली बसला, माणूस एकही मेला नाही. १९१२ पर्यंत त्यांनी तो होता तसा, होता तिथेच पुन्हा बांधला. १६०९ मध्ये गॅलिलिओने याच जागच्या जुन्या मनोऱ्यावर सरकारी मंडळींना दुर्बीण दाखवली होती. रांग उभ्याची होती, तेवढाच जाच. त्यापेक्षा समोरच्या सान जॉर्जो बेटावरच्या चर्चच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे आणि गर्दी कमी, शिवाय तिथून सान मार्कोच दिसतं. पुन्हा गेले तर तिथेच जाईन.

आता तक्रार. बसायला जागा नाही. एवढ्या मोठ्या चौकात फुकटचं बाक शोधून सापडत नाही आणि पायऱ्यांवर टेकलात तर दंड. कॉफी उभ्याने प्यायलात तर एक भाव, बसून प्यायलात तर दुसरा. चौकातलं फ्लोरियान १७२० पासून चालू आहे, तिथे वाद्यवृंद वाजत असला तर त्याचेही वेगळे पैसे लावतात. बसण्याचे पैसे कुणाकडून घ्यायचे, तर ज्याला उभं राहता येत नाही त्याच्याकडून! मी एकदा दिले, आणि वसूल होईपर्यंत उठले नाही.

सोमवार

काल एक लिहायचं राहिलं. रेल्वे स्टेशनाजवळ काचेच्या पायऱ्यांचा नवा पूल आहे, २००८ मध्ये उघडलेला, कालात्रावा नावाच्या जगप्रसिद्ध वास्तुविशारदाचा. चारशे वर्षांपूर्वीच्या रियाल्टो पुलाला पायऱ्या असणार हे मी समजू शकते. पण एकविसाव्या शतकात पूल बांधताना चाकाच्या खुर्चीचा विचार नाही? ओरड झाल्यावर त्याला कडेने सरकणारी अंड्यासारखी लिफ्ट लावली, ती धड चालली नाही, २०२० मध्ये काढून टाकली. काच ओली झाली की लोक घसरायचे म्हणून पुढे काचाही बदलून दगड घालायचं ठरलं. हे वाचलं तेव्हा मला का कोण जाणे, फार घरच्यासारखं वाटलं.

राहिलं बरंच. बोळांत हरवण्यात मजा आहे असं सगळे सांगतात, ते माझ्या नशिबी नव्हतं, हरवणं पायांना परवडत नाही. सालुतेच्या चर्चपुढच्या पायऱ्याही चढले नाही. १६३० च्या प्लेगनंतर नवस फेडायला बांधलेलं ते, पाण्यातल्या चिखलात दहा लाखांहून जास्त लाकडी खुंट ठोकून त्यावर उभं. मी समोरच्या धक्क्यावर बसून पाहिलं. बुरानो बेटावरची रंगीत घरं बघायला ही दोघं गेली, मी लीडोच्या समुद्रावर खुर्ची टाकून पडले आणि त्या दिवसाचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही. मात्र आल्यावर "या वयात, या पायांनी, कमाल आहे हो तुमची" असं कुणी म्हटलं की अंगाचा तिळपापड होतो. कमाल त्या तरंगत्या धक्क्याची आहे.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांच्या मुलाने युरोपचं मनावर घेतलंय आणि काकूंचे गुडघे माझ्याहून वाईट. त्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगितली. ऑक्टोबरअखेर तिथे मॅरेथॉन होते, आणि धावणाऱ्यांसाठी झात्तेरे या दक्षिणेकडच्या काठावरच्या आणि सान मार्कोकडच्या काठावरच्या पुलांवर उतरते मार्ग बसवतात. शर्यत संपली तरी ते पुढे काही महिने तसेच ठेवतात. म्हणजे नोव्हेंबरात गेलात तर त्या पुलांवर पायऱ्या चढायला नकोत.

"नोव्हेंबरात पाणी भरतं ना गं तिथे?"

भरायचं. २०१९ च्या नोव्हेंबरात १८७ सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं. पण २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी दरवाजे उचलतात, मोठी भरती बाहेरच अडते. तरी रबरी बूट न्या म्हटलं.

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, थंडीचं बघू, पण ते लीडो की काय ते कागदावर लिहून दे, मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही, सुनेच्या हातात देते. लिहून दिलं. खाली वाल्लारेस्सोही लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.