ओळखींची शीट: चाकण पट्ट्यात नोकरी बदलताना आलेला माझा अनुभव

नोकरी बदलायचं ठरवलं तेव्हा फोनमध्ये आठशेच्या वर नंबर होते. त्यातल्या किती जणांना न संकोचता फोन करता येईल हे मोजलं, तर गाडी बाविसावर अडली. मी कारखान्यात क्वालिटीत, म्हणजे मालाच्या तपासणीच्या कामात आहे. मोजल्याशिवाय सुधारणा होत नाही हे रोज इतरांना ऐकवतो. म्हणून सरळ एक्सेल उघडलं.

शीटमध्ये रकाने सहाच: नाव, सध्या कुठे, ओळख कशी, शेवटचं बोलणं कधी, त्यांच्याकडे सध्या काय चाललंय (नवी लाइन, मुलाची दहावी, काहीही), पुढचा फोन कधी. खरा उपयोगाचा रकाना चौथा. त्यावर सॉर्ट केलं की कोणाला दोन वर्षं विसरलोय ते वरच दिसतं. साठ-सत्तर नावांपुढे मी जात नाही, सांभाळणं होत नाही.

नावं कोणाची? पॉलिटेक्निकचे मित्र आणि जुने सहकारी सगळ्यांनाच आठवतात. सुटतात ते मापाची उपकरणं तपासून देणारे कॅलिब्रेशनवाले, गेज म्हणजे ही उपकरणं विकणारे, बाहेरून येऊन माल तपासणारी थर्ड पार्टी इन्स्पेक्शनची माणसं. ही मंडळी आठवड्यात भोसरी, चाकण, रांजणगाव असे चार-पाच प्लांट फिरतात. कुठे नवी लाइन येतेय, कुठला क्वालिटी हेड सोडून गेला, हे त्यांना एचआरच्या आधी कळतं. नोकरीची बातमी अशा लांबच्या ओळखींतूनच जास्त येते, हे मार्क ग्रानोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली आकड्यांत दाखवलं होतं. त्याने पाहिलेल्यांपैकी ओळखीतून नोकरी लागलेल्यांत सुमारे १७ टक्केच लोक त्या ओळखीच्या माणसाला वारंवार भेटणारे होते. बाकीच्यांची गाठ अधूनमधून किंवा क्वचितच पडायची. कारण साधं आहे. रोज डबा एकत्र खाणाऱ्याला जे माहीत असतं, ते आपल्यालाही माहीत असतंच.

ग्राहक कंपनीच्या एसक्यूएला (पुरवठादारांची क्वालिटी पाहणारा तिचा माणूस) मात्र थेट नोकरी विचारू नये. एकमेकांची माणसं न घेण्याची अट दोन कंपन्यांच्या करारात असू शकते, आणि तो बिचारा अडचणीत येतो.

आता जुनी ओळख पुन्हा जागी करणं. इथे बहुतेकांचं चुकतं. ‘हाय सर, कसे आहात? काही ओपनिंग असेल तर सांगा’ या मेसेजला उत्तर येत नाही, कारण कसलं काम, किती अनुभव, कुठला पट्टा हे सगळं समोरच्यानेच शोधायचं असतं. माझा मेसेज असा असतो:

‘नमस्कार सर, मी ग्राइंडिंग लाइनला तुमच्या हाताखाली होतो. आमच्याकडे एका बोअर गेजचं आर अँड आर ३० टक्क्यांच्या वर जातंय. तुम्ही तेव्हा फिक्स्चर बदलून सोडवलं होतं. गुरुवारी सकाळी दहा मिनिटं बोलता येईल का?’

(आर अँड आर म्हणजे मोजण्यातच किती फरक पडतो त्याची टक्केवारी; बोअर गेज भोकाचा व्यास मोजतं, फिक्स्चर पार्ट धरून ठेवतं.) अडचण खरी हवी. बनावट प्रश्न अनुभवी माणसाला दोन वाक्यांत कळतो. गुरुवार अशासाठी, की या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची सुट्टी तेव्हा असते. महिनाअखेरीस डिस्पॅचची धावपळ असते, तेव्हा फोन करूच नये. आणि या पहिल्या फोनवर नोकरीचं नाव काढायचं नाही. दोन-तीन आठवड्यांनी काढलं तर चालतं.

रेफरल, म्हणजे कंपनीत असलेल्या मित्राची शिफारस, मागताना क्रम महत्त्वाचा. तुमचा रेझ्युमे कन्सल्टंटने (नोकरी लावून देणाऱ्या एजन्सीने) आधीच कंपनीच्या पोर्टलवर चढवला असेल, तर अनेक कंपन्यांत मित्राचं रेफरल डुप्लिकेट म्हणून बाद होतं आणि त्याचा बोनसही जातो. म्हणून आधी मित्र, मग कन्सल्टंट. एकाच कंपनीत दोघांना सांगितलं तर दोघेही नाराज. मित्राला जॉब आयडी, पीडीएफ, नोटीस पिरियड आणि त्याला जशाच्या तशा चिकटवता येतील अशा तीन ओळी द्याव्यात. मुलाखतीचं काय झालं ते त्याच दिवशी कळवावं, नकार आला असेल तर नक्कीच.

ओळखींच्या देखभालीला रविवारी सकाळी चहानंतर अर्धा-पाऊण तास पुरतो. शीट सॉर्ट करायची, वरच्या चौघांना फोन किंवा मेसेज. जवळच्या पंधरा जणांशी तीन महिन्यांतून एकदा, बाकीच्यांशी वर्षातून एक-दोनदा. दिवाळीच्या फॉरवर्डला मी संपर्क धरत नाही. शिवाय व्हॉट्सॲपचा ब्रॉडकास्ट फक्त तुमचा नंबर सेव्ह असणाऱ्यांनाच पोचतो, म्हणजे ज्यांच्याशी तुटलंय नेमके तेच सुटतात. त्यापेक्षा कोणाला पीपॅपचा (ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घेण्याच्या कागदपत्रांचा) नमुना समजावून द्या, कोणासाठी ऑपरेटर सुचवा. तिसऱ्याचा नंबर देताना आधी त्याला विचारा.

लिंक्डइनवर फार वेळ घालवत नाही. मोफत खात्यातून विनंतीसोबत चिठ्ठी महिन्याला मोजक्याच जणांना पाठवता येते, त्या अनोळखी लोकांसाठी राखतो. मराठा चेंबरच्या कार्यशाळेत किंवा चिंचवडच्या ऑटो क्लस्टरच्या प्रदर्शनात तीन माणसांशी नीट बोलणं झालं तरी पुष्कळ. काय बोललो ते त्याच संध्याकाळी कार्डामागे लिहायचं.

एक गोष्ट राजीनाम्याआधीच करावी. कंपनीचं सिम आणि मेल शेवटच्या दिवशी बंद होतात, त्यात साठवलेल्या ओळखीही जातात. ग्राहकांची यादी उचलून न्यायची नाही, ती कंपनीची. पण ज्यांच्याशी माणूस म्हणून ओळख झालीय, त्यांना नोटीस पिरियडमध्येच स्वतःच्या नंबरवरून फोन करावा.