आपोस्तोलेसचे येर्बाचे मळे: पावसानंतर एक दिवस थांबा

आपोस्तोलेसला येर्बाचे, म्हणजे ज्याच्या पाल्यापासून ‘माते’ हे पेय करतात त्या झाडाचे, मळे पाहायला जाणाऱ्यांनी दोन गोष्टी निघण्यापूर्वी पक्क्या कराव्यात: रस्त्याची स्थिती आणि मोटारीचे भाडे. या दोन्हींबाबत मला मिळालेली माहिती खरी नव्हती. अर्जेंटिनाच्या मिसियोनेस प्रांतातले हे गाव प्रांताची राजधानी पोसादासपासून सुमारे ७० किलोमीटरवर आहे आणि तिथवरचा बसप्रवास सुखाचा आहे.

मळा डांबरी रस्त्यापासून चार किलोमीटर आत असून वाट सपाट व सोपी आहे, असे सहल ठरवून देणाऱ्याने सांगितले होते. आदल्या रात्री पाऊस झाला होता, हे मात्र त्याने विचारात घेतले नाही. तिथली तांबडी माती कोकणातल्या मातीची आठवण करून देते, पण भिजली की ती बुटाच्या तळाला असा लगदा चढवते, की काडीने खरवडून दहा पावले टाकेपर्यंत तो पुन्हा तितकाच जड झालेला असतो. पाऊण तासाच्या वाटेला मला सव्वादोन तास लागले, आणि पोहोचल्यावर कळले की पावसामुळे तोडणी बंद आहे. तारेफेरो, म्हणजे पाला तोडणारे मजूर, वजनावर पैसे घेतात, त्यामुळे अशा दिवशी त्यांचा रोज बुडतो. परतताना भाड्याच्या मोटारवाल्याने चिखलाचे कारण सांगून ठरलेल्या रकमेच्या तिप्पट पैसे घेतले. जाणे, थांबणे आणि येणे यांचा एकच आकडा गाडीत बसण्यापूर्वी ठरवून घ्यावा आणि ज्यांच्या घरी उतरलात त्या यजमानांनाच मोटारवाल्याला फोन करायला सांगावे. मी दुसऱ्यांदा तसे केले आणि काहीच अडचण आली नाही.

एक कोरडा दिवस जाऊ देऊन पुन्हा गेलो, तेव्हा सगळा शीण विसरलो. तोडलेल्या फांद्या मोठ्या कापडावर रचून त्याची चारी टोके बांधली जातात, आणि ते अवजड गाठोडे दोघेतिघे मिळून उचलतात. पाला २४ तासांच्या आत उघड्या ज्वाळेतून काही सेकंद फिरवला जातो. फिरत्या पिंपातून तडतड ऐकू येते आणि धुराचा वास कपड्यांत दिवसभर राहतो. पुढे पाला वाळवून, भरडून महिनोन्महिने मुरवत ठेवतात, म्हणून कोणी ‘ताजी येर्बा’ म्हणून जास्त पैसे मागितले, तर देऊ नयेत. मुख्य तोडणी एप्रिल ते सप्टेंबर चालते. त्याबाहेर केवळ हिरव्या रांगा पाहण्यासाठी इतक्या दूर जाऊ नये.

यजमानांकडे सकाळ-संध्याकाळ माते पिण्याचा एकच भोपळा (पोकळ केलेले भांडे) आणि एकच बोंबिया (गाळणी असलेली धातूची नळी) सर्वांमध्ये फिरते. ज्यांना उष्टे चालत नाही त्यांनी पहिल्याच दिवशी तसे स्पष्ट सांगावे. बोंबिया हलवू नये, आणि पुरे झाल्याशिवाय ‘ग्रासियास’ म्हणू नये, कारण तो शब्द ऐकला की पुढचा भोपळा तुमच्यापर्यंत येत नाही. मी पहिल्याच घोटाला आभार मानले, आणि यजमानांकडच्या आजींनी भोपळा भरून शेजारच्याला दिला. त्यांना कारण सांगितल्यावर त्यांनी तो पुन्हा माझ्या हातात दिला.