आमची वाटचाल: चार पॅडपासून डॅम्परपर्यंत

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं शेड. मी, धाकटा भाऊ, एक हायड्रॉलिक प्रेस आणि रबर मोल्डिंगच्या मोजक्या डाय. "मशीन हलतंय? खाली पॅड टाका," एवढ्या ज्ञानावर पहिली काही वर्षं धंदा बरा चालला.

मग एका इमारतीच्या गच्चीवरचा ब्लोअर आला. ७२० आरपीएम, म्हणजे सेकंदाला १२ फेरे. खालच्या मजल्यावर टेबलावर ठेवलेल्या ग्लासातल्या पाण्यात वलयं उठायची. आधीचे पॅड मऊ वाटले म्हणून आम्ही कडक दिले. दुसऱ्या दिवशी फोन: वाढलंय! जाऊन बघतो तर पॅड वजनाखाली जेमतेम पावणेदोन मिलिमीटर दबलेले. १५.८ ला त्या मिलिमीटरच्या वर्गमुळानं भागलं की यंत्र पॅडवर सेकंदाला किती वेळा डोलेल ते कळतं. उत्तर आलं १२. ब्लोअरचा आणि पॅडचा ताल आम्हीच जुळवून दिला होता, तोही बिल लावून.

मग २५ मिलिमीटर दबणाऱ्या स्प्रिंगा बसवल्या. डोलणं सेकंदाला तीनवर आलं, ग्लास शांत. पण स्प्रिंगमध्ये डॅम्पिंग, म्हणजे हेलकावे जिरवण्याची ताकद, नावालाच. (पुस्तकात याला अवमंदन म्हणतात, शेडमध्ये तसं म्हटलं तर कुणी वळूनही बघणार नाही.) ब्लोअर बंद केला की वेग उतरता उतरता १९० आरपीएमच्या आसपास, म्हणजे स्प्रिंगच्याच सेकंदाला तीनच्या तालावर, असे हेलकावे यायचे, की डक्टचा कॅनव्हास टर्रकन फाटला. फिटर म्हणाला, "दादा, हा तर वरातीत नाचतोय."

आम्ही घाईघाईनं चारही कोपऱ्यांत घट्ट डॅम्पर, म्हणजे हेलकावे जिरवणाऱ्या तेलाच्या नळ्या, लावले. नाच थांबला, पण ग्लासात वलयं परत! यंत्राचा वेग डोलण्याच्या १.४१ पटीच्या आत असेपर्यंत डॅम्पिंग तारतं. त्याच्या वर गेलं की तोच डॅम्पर कंपन खाली स्लॅबला पोचवतो. शेवटी आतलं सिलिकॉन तेल पातळ केलं, समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोनच डॅम्पर ठेवले, तेव्हा जमलं. त्या कामात पैसे सुटले नाहीत.

तेव्हापासून कोटेशनआधी ठोकून मोजतो. हातोडीचा एक ठोका, आणि हेलकावा अर्धा व्हायला किती फेऱ्या लागतात ते बघायचं. ११ ला त्या आकड्यानं भागलं की डॅम्पिंगची टक्केवारी. एका वेल्डेड प्लॅटफॉर्मला ११ फेऱ्या लागल्या, म्हणजे १ टक्का. डिझाइनमध्ये धरले होते ५. भूकंपाच्या भारतीय मानकातला (आयएस १८९३) आकडा सवयीनं उचललेला. ताल जुळला तर ५ टक्क्यांवर हालचाल दहापट होते, १ टक्क्यावर पन्नासपट. तिथं पॅडचा काय उपयोग?

पॅड अजून विकतो. पण फोनवर कुणी नुसतं "चार पॅड पाठवा" म्हटलं, की भाऊ आधी वजन आणि आरपीएम विचारतो. काहींना राग येतो.