आमची वाटचाल : मॉडिफाय केलेली गाडी तपासणीत पास व्हायलाच हवी

आमचं वर्कशॉप मोटरसायकली कस्टमाइज करतं. कॅफे रेसर, बॉबर, स्क्रॅम्बलर, ज्याला जसं हवं तसं. पण लोक आमच्याकडे येतात ते नुसत्या पेंटसाठी किंवा टाकीच्या शेपसाठी नाही, आमची गाडी सेफ्टी तपासणीतून पास होऊनच मालकाच्या हातात जाते म्हणून येतात, आणि ह्याचा मला मनापासून अभिमान आहे.

सुरुवात दोघांनी केली, मी आणि माझा पार्टनर. तो वेल्डिंग आणि फॅब्रिकेशनवाला, मी वायरिंगवाला. तेव्हा आमच्याकडे पहिल्यापासून डिझाइन करायच्या गाड्या यायच्याच नाहीत, यायच्या त्या दुसरीकडे बनवलेल्या आणि तपासणीत नापास झालेल्या. गिऱ्हाईक हातात नापासाचा कागद घेऊन यायचा, त्यावर चार ओळी लिहिलेल्या, आणि म्हणायचा दादा एवढं तेवढं करून द्या. ते एवढं तेवढं करता करताच आमचं खरं शिक्षण झालं, कारण कागदावर लिहिलेलं असायचं एक आणि मूळ दुखणं निघायचं भलतीकडेच.

सगळ्यात जास्त यायचे इंडिकेटर. जुन्या गाडीत इंडिकेटरचा बल्ब साधारण २१ वॉटचा असतो आणि जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा पार्ट) त्या करंटवर चालतो, त्याच्या जागी एक-दोन वॉटचा छोटा एलईडी लावला की फ्लॅशरला वाटतं बल्ब गेलाय आणि तो जोरजोरात लुकलुकायला लागतो. नियम बहुतेक ठिकाणी मिनिटाला ६० ते १२० वेळा असा आहे त्यामुळे गाडी तिथेच अडकते. बरेच जण ह्यावर करंट वाढवायला रेझिस्टर टाकतात, पण तो चांगलाच तापतो आणि सीटखाली वायरींच्या गुंत्यात तो बसवणं मला कधीच पटलं नाही, आम्ही सरळ एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर टाकतो. तसंच ब्रेक लाईटचं, ती पुढचा लिव्हर दाबला तरी लागली पाहिजे आणि मागचं पेडल दाबलं तरी. हँडलवरचा मास्टर सिलिंडर (लिव्हर दाबला की ब्रेक ऑइल ढकलणारा पार्ट) बदलून स्टाईलवाला टाकला की त्याच्यासोबत पुढचा स्विच गायब होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण चालवणाऱ्याला स्वतःची ब्रेक लाईट दिसत नाही ना. मग आम्ही ब्रेकच्या प्रेशरवर चालणारा स्विच ब्रेकचा पाईप जोडणाऱ्या पोकळ बोल्टमध्येच, म्हणजे बँजो बोल्टमध्ये, बसवतो, बोल्ट उघडला म्हणजे दोन्ही वॉशर नवीन, हा आमच्याकडचा नियम.

पण आमच्या कामाची दिशा ज्या गाडीने ठरवली ती एक बॉबर. दिसायला जबरदस्त, मागून एकदम खाली बसवलेली, आणि हेडलाईटवर पुन्हा पुन्हा नापास. तो मुलगा बिचारा दर वेळी हेडलाईटचा स्क्रू फिरवून यायचा, शेवटी स्क्रूला फिरायला जागाच उरली नव्हती आणि तरी बीम वरच मारत होता. आम्ही गाडी भिंतीसमोर उभी केली, त्याला वर बसवलं आणि कट ऑफची रेषा, म्हणजे उजेडाची वरची कड, खडूने आखली. मग त्याला उतरवलं, परत बसवलं. तो बसला की रेषा सरळ वर चढायची. मग कळलं की भानगड लाईटची नव्हतीच, मागचे शॉकअप ओरिजिनलपेक्षा बरेच आखूड होते आणि स्प्रिंगही मऊ, म्हणजे शेपूट खाली गेली की नाक वर जाणारच. आणि तेवढंच नव्हतं, शॉकअप आखूड केल्यामुळे साईड स्टँड लांब पडत होता म्हणून कुणीतरी तो कापलेला, मडगार्डच्या आतल्या बाजूला टायर घासल्याची चमकणारी पट्टी उठलेली, आणि हँडल वळायला थोडं सुस्त झालेलं, कारण मागची बाजू खाली केली की फोर्कचा कोन पडतो आणि ट्रेल (स्टीअरिंगची रेषा जमिनीला टेकते तिथपासून पुढचा टायर जेवढा मागे टेकतो ते अंतर) वाढतो. एक पार्ट बदलला होता आणि त्याने चार ठिकाणी गडबड केली होती!

आम्ही योग्य लांबीचे आणि त्याच्या वजनाला झेपणारे शॉकअप बसवले, स्टँड परत पूर्वीच्या लांबीला आणला, आणि खाली बसल्याचा लूक हवा होता तो सीटचा फोम कमी करून आणि सीटचा बेस थोडा खाली घेऊन दिला. लांबून गाडी तेवढीच बुटकी दिसत होती. हेडलाईट पहिल्याच फटक्यात पास.

त्यानंतर आम्ही कामाची पद्धतच उलटी केली. आधी गाडी बनवायची आणि मग तपासणीचं बघायचं असं आम्ही करतच नाही. स्केच फायनल व्हायच्या आधी बसून प्रत्येक बदलापुढे लिहून काढतो की ह्याच्यामुळे अजून काय काय हलणार. हँडल खाली घेतलं, तर केबल जास्त लांब होऊन वाकतात, ब्रेकचा पाईप लटकतो, पूर्ण वळवलं की अंगठा टाकीत दबतो. हँडल उंच घेतलं तर उलट, सगळं आखूड पडतं. म्हणून गाडी इंजिन चालू ठेवून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हँडल हळूहळू फिरवून बघायची. त्यात आयडलिंगचा आवाज जरासुद्धा चढला तर थ्रॉटल केबल ओढली जातेय, आणि हे चालत्या गाडीत वळणावर घडलं तर काय होईल ह्याचा विचारच नको. तपासणीवाले लोक अगदी हेच बघतात आणि त्यांचं बरोबर आहे. त्याच वेळी कोनसेटही (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) कळतो, मध्यभागी हँडल खाचेत अडकल्यासारखं थांबलं की बेअरिंग गेलं.

टायरबद्दल थोडक्यात सांगतो, जाडा टायर घालायचा मोह सगळ्यांना असतो, पण रिमची रुंदी तीच ठेवून टायर जाडा घातला की त्याचा गोलावा बिघडतो आणि स्विंगआर्म किंवा चेनला घासतो. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) आणि स्पीडचं अक्षर (किती वेग झेपतो ते) ओरिजिनलपेक्षा कमी चालत नाही. बाजूला बनवल्याचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत असतं, तेही वाचा, नक्षी भरपूर दिसत असली तरी टायर म्हातारा असू शकतो.

आवाज हा मात्र मोठा विषय. सायलेन्सर बदलल्याशिवाय कस्टम गाडी झाल्यासारखी वाटत नाही लोकांना, आणि तो आवाज मलाही आवडतो, त्यात खोटं काय. पण उभ्या गाडीची आवाजाची टेस्ट कशी असते ते समजून घेतलं तर निम्मं काम होतं. माईक सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर लांब, ४५ अंशाच्या कोनात ठेवतात. इंजिन सगळ्यात जास्त पॉवर ज्या आरपीएमला देतं तो आकडा ५००० च्या वर असेल तर त्याच्या निम्म्यावर इंजिन धरायचं, ५००० किंवा त्याखाली असेल तर पाऊण पटीवर, आणि मग थ्रॉटल एकदम सोडायचा. सोडतानाचा आवाजसुद्धा मोजला जातो आणि सगळ्यात मोठा आकडा धरला जातो, हे खूप जणांना माहीतच नसतं. एक्झॉस्टच्या जॉइंटमधून हवा आत खेचली जात असेल तर थ्रॉटल सोडल्यावर फट फट असे बार निघतात आणि तिथेच गाडी मार खाते, सायलेन्सर कितीही चांगला असला तरी. त्यामुळे हेडजवळची गॅस्केट नवीन, क्लॅम्प नीट, आणि आतली काचेची लोकर जळून विरळ झाली असेल तर परत भरायची. डेसिबलचं गणितही सरळ नाही, फक्त ३ डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट, त्यामुळे दोनच तर जास्त आहेत असं म्हणून सोडून देता येत नाही. आणि बॅफल (सायलेन्सरच्या आतला आवाज दाबणारा पार्ट) काढून गाडी फिरवायची आणि तपासणीच्या दिवशी परत लावायचा हा धंदा आम्ही करून देत नाही. शेजारपाजारच्या लोकांनाही कान आहेत.

ब्रेक ऑइल गाडी आली की आम्ही आधी बदलतो. डॉट ४ ग्रेडचं ऑइल ताजं असताना २३० अंश सेल्सियसच्या वर उकळायला हवं, ओलावा शोषला की तोच किमान आकडा १५५ वर येतो, आणि प्रोजेक्टची गाडी तर महिनोन्‌महिने उभी असते.

चॅसिसबाबतीत आम्ही कडक आहोत. चॅसिसचा सीटखालचा मागचा लूप कापून गोल करणं वगैरे आम्ही करतो, पण शॉकअपच्या माउंटिंगच्या मागे, आणि जिथे इंजिनिअरचं सर्टिफिकेट लागतं तिथे कापायच्या आधी त्याला दाखवून, कापल्यावर नाही. माझा पार्टनर वेल्डवर फिलर घासून गुळगुळीत करायच्या पूर्ण विरोधात आहे, वेल्ड उघडा दिसला पाहिजे म्हणतो, म्हणजे तपासणाऱ्यालाही दिसतो आणि तडा गेला तर मालकालाही. पावडर कोटिंगच्या आधी चॅसिस नंबरवर उष्णता सोसणारी टेप लावायची हे तर नवीन पोरांना आम्ही पहिल्या दिवशी शिकवतो, कारण जाड थराखाली नंबर बुजला की गाडीची ओळखच वाचता येत नाही आणि घासून काढायला गेलात की संशय घेतला जातो. गाडीची ताकद कमी होईल अशी कामं आम्ही नाकारलीही आहेत, चांगले पैसे मिळत होते तरी. फोर्कच्या टी ला (फोर्कचे दोन्ही पाय धरून ठेवणारा पार्ट) भोकं पाडून हलकी करा म्हणणारा एकजण आला होता, त्याला चहा पाजला आणि पाठवून दिला.

आता आमच्याकडे टीम आहे, आणि प्रत्येक गाडीसोबत एक फाईल बनते. त्यात आधीचे फोटो, वेल्डचे फोटो पेंटच्या आधीचे, लाईटवरच्या ई मार्कचे (लाईट मंजूर असल्याची खूण) क्लोज अप, टायरचे आकडे, कुठला बोल्ट किती टॉर्कला आवळला ते. तपासणीला मालकासोबत आमचा माणूस जातो आणि फाईल पुढे ठेवतो. तपासणाऱ्याशी वाद घालायचा नाही, त्याने काही काढलं तर नेमकं काय आणि कुठे ते लिहून आणायचं. त्यांच्यातल्या एका अनुभवी माणसाने आमच्या पोराला लिव्हरच्या टोकाला गोळा का असतो, पडल्यावर तो शरीरात घुसू नये म्हणून, हे उभं राहून समजावलं होतं, तेव्हापासून कापलेले टोकदार लिव्हर आमच्या वर्कशॉपमध्ये दिसत नाहीत.

गाडी घेऊन येणार असाल तर नोंदणीचे कागद सोबत आणा, काढून ठेवलेले ओरिजिनल पार्ट असतील तर तेही, विकू नका. स्वतः या, कारण तुम्हाला गाडीवर बसवून मोजल्याशिवाय आम्ही शॉकअप आणि हेडलाईट ठरवत नाही. मागे कुणी बसणार असेल तर त्यांनाही घेऊन या, सिंगल सीट करायची की नाही हे त्यांना विचारूनच ठरवू, कारण सीट काढली की मागचे फूटरेस्ट आणि कागदावरची सीटची संख्या दोन्ही बदलावं लागतं. दुसरीकडे बनवलेली गाडीही तपासणीच्या आधी आमच्याकडे नुसती बघायला आणली तरी चालेल, भिंतीवर खडूची रेषा आणि आवाजाचा मीटर सगळ्यांसाठी आहे.