नाताळसाठी मुलांना कापडी ससा शिवताना

तीस सेंटिमीटर उंचीच्या सशाला अर्धा मीटर सुती कापड आणि साधारण दीडशे ग्रॅम फायबरचा कापूस पुरतो. कापड आधी धुऊन, इस्त्री करून घ्याच. नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि शिवणींना सुरकुत्या पडतात.

कापड सुलट बाजू आत ठेवून दुमडा, आकार काढा आणि ७ मिमी माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) सोडून कापा. डोळे, नाक, तोंड आत्ताच दोऱ्याने भरतकाम करून काढा. कापूस भरल्यावर सुई नीट चालत नाही. तीन वर्षांखालच्या मुलासाठी बटणाचे डोळे अजिबात नकोत, दोऱ्याचेच करा.

मशीनचा टाका २ मिमी ठेवा. मोठा टाका कापसाच्या दाबाने उसवतो. मूल सशाला कानाला धरूनच ओढत नेणार, म्हणून कान जिथे जोडले आहेत तिथे दोनदा शिवण मारा. बाजूच्या सरळ रेषेत ७ सेंटिमीटर उघडं सोडा, वळणावर नको, तिथे हाताने बंद करताना चुण्या पडतात.

उलटण्याआधी वळणांवर टाक्यापासून २ मिमी अलीकडेपर्यंत काप द्या. मानेच्या खोबणीत ते दाट हवेत, नाहीतर मान चुरगळलेली दिसते. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं.

कापूस सुपारीएवढा पिंजून भरा, मोठा गोळा कोंबला की गाठी होतात. आधी पाय, मग डोकं. मान घट्ट भरा, डोकं लोंबणार नाही. शेवटी दुहेरी दोऱ्याने, दोन्ही कडांच्या घडीतून आळीपाळीने सुई नेत उघडी बाजू बंद करा.