कडेची खुर्ची

गुरुवार, २६ ऑक्टोबर २०२३

पेपर हातात आला की मी आधी नाटकांच्या जाहिरातींचं पान उघडते. कोल्हापूरच्या घरात लागलेली सवय आहे ती, अजून सुटलेली नाही. आज त्या छोट्या छोट्या चौकोनांमध्ये ‘संगीत देवबाभळी’चा चौकोन दिसला आणि चहा तसाच राहिला. निरोपाचे प्रयोग. नोव्हेंबरात नाटक थांबतंय आणि शेवटचा प्रयोग मुंबईत षण्मुखानंदला आहे, हे कानावर आलं होतं. पण पुण्याच्या प्रयोगाची तारीख छापलेली बघितली तेव्हा पोटात खड्डा पडला. अहो आईंना हे नाटक दाखवायचंच, असं मी मनाशी ठरवून एक वर्ष उलटून गेलंय. ‘आता उन्हाळा आहे’, ‘आता पाऊस आहे’, ‘आता गणपती आलेत’ असं म्हणत मी ते पुढे ढकलत राहिले. नाटक कायम चालूच राहणार आहे असं धरून चालले होते.

मी स्वतः ते २०१९ मध्ये बघितलं. ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर गेले होते, फारसं काही माहीत नसताना. तुकोबा भंडारा डोंगरावर विठ्ठलाच्या नादात बसलेले, आणि त्यांना शोधत, दिवस गेलेले असताना, डोक्यावर भाकरी घेऊन निघालेली त्यांची बायको आवली. वाटेत पायात बाभळीचा काटा रुततो. तो काढायला कोण येतो, तर ज्याच्यासाठी तिच्या तोंडी कायम शिव्या, तो विठ्ठलच. आणि मग आवलीचा पाय बरा होईपर्यंत तिच्या घरी राहायला येते रखुमाई, लखुबाई होऊन. अख्खं नाटक या दोन बायकांचं. शुभांगी सदावर्ते आवली, मानसी जोशी लखुबाई, आणि दोघीही रंगमंचावर प्रत्यक्ष गातात. प्राजक्त देशमुखांनी आधी याची एकांकिका केली होती, २०१७ च्या डिसेंबरात ते पूर्ण नाटक म्हणून उभं राहिलं, आणि २०२० चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार या संहितेला मिळाला. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या दिवशी मात्र एवढंच झालं की घरी येताना कुणीच बोललं नाही.

तेव्हा नाटक आवडलं होतं. ते माझ्याबद्दल आहे असं वाटलं नव्हतं. ते गेल्या वर्षी वाटलं.

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये, पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या त्या आठवड्यात, अहो आईंच्या उजव्या पायाला अंगठ्याच्या खाली जखम झाली. कशानं झाली ते त्यांनाच कळलं नाही. मधुमेह जुना असला की तळव्याची जाणीव बोथट होत जाते, खडा रुतला तरी समजत नाही. मला कळलं ते चादरीवरच्या डागावरून. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं : रोज ड्रेसिंग, साखर ताब्यात, त्या पायावर भार टाकायचा नाही आणि इथून पुढे घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. तीन महिने लागले.

रोज संध्याकाळी साडेसातला मी खाली पाटावर बसायचे, अहो आई पलंगाच्या कडेला. सलाईननं धुवायचं, अलगद टिपून कोरडं करायचं, मलम, गॉज, वरून पट्टी. वीस मिनिटांचं काम. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि त्या चौदा वर्षांत आम्ही दोघी जेवढं बोललो नव्हतो तेवढं या वीस-वीस मिनिटांत बोललो. समोरासमोर बसून आम्हाला ते कधी जमलं नसतं. एकीनं पाय पुढे केलाय, दुसरीनं मान खाली घातलीय, नजर जखमेवर आहे, अशा वेळी आतलं बाहेर येतं. त्यांनी सांगितलं, लग्नानंतरची पहिली चार वर्षं त्या माहेरी गेल्याच नाहीत, कुणी नेलंच नाही. मामंजी गेले तेव्हा रडू आलं नाही आणि त्याची लाज अजून वाटते. एका संध्याकाळी मीही बोलले. माझी दुसरी खेप चौथ्या महिन्यात गेली, मी तीन दिवस खोलीत पडून होते, आणि तुम्ही एकदाही आत आला नाहीत, ते मी विसरलेले नाही. पट्टीचं शेवटचं टोक चिकटवता चिकटवता बोलले. त्यांनी पाय मागे घेतला नाही. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “दारापर्यंत यायचे गं. काय बोलावं ते सुचायचं नाही, म्हणून परत जायचे.”

त्या रात्री मला ते नाटक आठवलं. तेव्हापासून त्यांना ते दाखवायचंय.

आज दुपारी डबा खाता खाता फोनवर बुकिंग उघडलं. पुढच्या ओळी डोळ्यांदेखत भरत चालल्या होत्या. मी तीन खुर्च्या निवडल्या, पैसे भरायच्या पानावर गोल गोल फिरत राहिलं, आणि परत आले तेव्हा त्या तिन्ही गेलेल्या. दुसऱ्या निवडल्या, त्याही गेल्या. तिसऱ्या वेळी बाल्कनी तेवढी शिल्लक दाखवत होती. बाल्कनीच्या पायऱ्या अहो आईंना झेपणाऱ्या नाहीत. डबा तसाच बंद केला. खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं होतं.

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, शनिवारी सकाळी सरळ बालगंधर्वच्या खिडकीवर जाऊन उभी राहा, तिथल्या प्लॅनवर मिळतील. तसंच करायचं.


शनिवार, २८ ऑक्टोबर २०२३. कोजागरी

आठ वाजता बालगंधर्वला पोचले. खिडकी उघडायला अवकाश होता, तरी माझ्या पुढे वीसेक माणसं होती. सगळे याच नाटकासाठी. एक मुलगी कॉलेजची बॅग घेऊन, आईबाबांसाठी तिकिटं काढायला आलेली. एक काका तळेगावहून लोकलनं आलेले, हातात पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि घडी घातलेला पेपर. त्यांनी हे नाटक पाच वेळा बघितलंय, आता सहाव्यांदा. कुणी पुढे घुसत नव्हतं. एक बाई गुडघ्यांमुळे कठड्यावर जाऊन बसल्या, तर मागच्या माणसानं “तुमचा नंबर माझ्यापुढे, निवांत बसा” म्हणून त्यांची जागा धरून ठेवली.

या वास्तूत आगाऊ तिकिटासाठी उभं राहायला मला फार आवडतं. १९६२ मध्ये इथला पहिला दगड खुद्द बालगंधर्वांच्या हातून बसवला गेला आणि २६ जून १९६८ ला पडदा उघडला, तेव्हा ते हयात नव्हते. आत देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन चित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं, एक स्त्रीवेशातलं. नाटकाला आलं की मी दोन्हींसमोर उभी राहते.

रांगेत उभं असताना मला संयुक्त मानापमान, म्हणजे ‘मानापमान’ नाटकाचा तो एकत्र प्रयोग, आठवलं. कोल्हापूरच्या माणसाला ते आठवणारच. केशवराव भोसले आमचे. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालीवाला थिएटरात, टिळक स्वराज्य फंडासाठी, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे हे दोन गायकनट एका रंगमंचावर आले, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. आमचे आजोबा त्या प्रयोगाबद्दल असं बोलायचे की जणू स्वतः बघून आलेत. त्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, त्यांनी ते त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं. आणि पणजोबासुद्धा गेले नव्हते. मुंबईपर्यंतचा खर्च, शेतीची कामं, शिवाय केशवराव काय, आपल्या गावचेच, पुन्हा ऐकू. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. जेमतेम एकतीस वर्षांचे होते. आजोबा ही गोष्ट सांगायचे तेव्हा शेवटी दर वेळी तेच वाक्य यायचं, “आमच्या अण्णांचं तेवढं राहिलं.” लहानपणी मला वाटायचं, राहिलं तर राहिलं, एवढं काय त्यात? आज रांगेत ते वाक्य नीट कळलं.

साडेनऊच्या सुमारास माझा नंबर लागला. खिडकीच्या आत कागदाचा प्लॅन पसरलेला. ओळींचे चौकोन, प्रत्येकात खुर्चीचा नंबर, आणि गेलेल्या खुर्च्यांवर निळ्या पेन्सिलीच्या तिरक्या रेघा. खूपच रेघा होत्या. मी म्हटलं, “दादा, तीन हवीत. सासूबाईंना पायऱ्या चढता येत नाहीत आणि उजवा पाय फार वेळ दुमडून ठेवता येत नाही. कडेची द्याल का?” त्यांनी पेन्सिल उचलली, प्लॅनवरून फिरवली, एका जागी थांबले, मग पुढे गेले. मला वाटलं, नाहीच. ते म्हणाले, “उजवा ना? मग वाट उजव्या हाताला येईल अशी देतो. इथे पाय बाहेर घेता येईल, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्काही कमी लागेल, लोक जास्त करून पलीकडच्या दारानं येतात.” आठव्या ओळीतल्या तीन चौकोनांवर तीन रेघा मारल्या. मी पाचशेच्या तीन नोटा पुढे केल्या. तिकिटं देताना म्हणाले, “वीस मिनिटं आधी आणा त्यांना. तिसरी घंटा झाल्यावर अंधारात चालायला नको.”

फोनवर मला फक्त हिरवे आणि करडे ठिपके दिसत होते. वाट कुठल्या हाताला, पायरी कुठे, दार कुठलं, हे त्या ठिपक्यांना विचारता येत नाही. ज्याला कुठेही बसायला चालतं त्याला फोन पुरतो. म्हातारं माणूस, दुखरा पाय, कमी ऐकणारा कान यांच्यासाठी खिडकीतलं ते माणूस राहायलाच हवं. मला हे अगदी मनापासून वाटतं.

परतताना तिकिटं पर्समध्ये ठेवली, मग सिग्नलला थांबल्यावर पुन्हा उघडून बघितली. तिसरं तिकीट खालच्या मजल्यावरच्या काकूंचं. त्या आणि अहो आई रोज संध्याकाळी एकत्र हरिपाठ म्हणतात. यांना विचारलं होतं, ते म्हणाले, “तुम्ही तिघी जा. तुम्हा बायकांनी एकत्र बघायचं नाटक आहे ते.” बरं वाटलं.

आज कोजागरी असली तरी रात्री चंद्रग्रहण, त्यामुळे सोसायटीत सकाळपासून दूध आटवायचं की नाही यावर चर्चा. अहो आई वेध पाळतात. म्हणून आमचं मसाला दूध उद्यावर गेलं आणि दुपारनंतर घर एकदम शांत झालं. संध्याकाळी मी तिकिटं त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून तिन्ही वाचली, तारीख, वार, वेळ, ओळ, खुर्ची. मग विचारलं, “मध्येच उठायला लागलं तर?”

“म्हणूनच कडेची घेतलीय.”

“आणि एवढे पैसे?”

“ते झालं आता.”

तिकिटं त्यांनी हरिपाठाच्या पुस्तकात ठेवली. मग नाटक कशावर आहे ते विचारलं. मी थोडंसंच सांगितलं, काटा, विठ्ठल, लखुबाई. ‘आवली’ म्हटल्यावर त्या सावरून बसल्या. त्यांचं माहेर देहूच्या अलीकडचं, भंडारा डोंगर लहानपणापासून पायाखालचा. म्हणाल्या, “सगळे तिला कजाग म्हणतात. म्हणायला काय जातंय? उन्हातान्हाची भाकरी घेऊन डोंगर कोण चढत होतं?” थोडं थांबून पुन्हा, “आणि रखुमाईचं तरी काय. पंढरपुरात बघ, देऊळसुद्धा वेगळं. युगं झाली, ती बाजूलाच उभी.” हे त्या नाटक न बघता बोलत होत्या. मला ती तिकिटं परत एकदा हातात घ्यावीशी वाटली.

रात्री झोपायच्या आधी त्यांचा पाय बघायचा असतो. जखम भरून वर्ष झालं, तरी डॉक्टरांनी सांगितलंय, रोज बोटांच्या बेचक्यांपर्यंत नीट बघा, टाचेला भेग पडू देऊ नका. मी तेलाची वाटी घेऊन पाटावर बसले. अंगठ्याखालची ती जागा आता गुळगुळीत आहे, आजूबाजूच्या कातडीपेक्षा थोडी फिकट. बोटानं चाचपली की कडा लागते.

“अगं,” त्या म्हणाल्या, “तिची जखम भरली की ती लखुबाई जाते का निघून?”

“ते बघायलाच तर जायचंय,” मी म्हटलं आणि दुसरा पाय पुढे घ्यायला सांगितला.