तुम्ही विचारलंत म्हणून : बेलफास्टचं आमच्या गावाला काय?

उत्तर आयर्लंडवर व्याख्यान झालं की चहाच्या वेळी कुणीतरी हमखास गाठतं. "सर, ते बेलफास्टचं ठीक आहे हो. आमच्या गावात मराठा आणि ओबीसी एकमेकांच्या दुकानाची पायरी चढेनात, त्याचं काय करायचं?" बीडला विचारतात, जालन्याला विचारतात. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, त्यानंतर तर जास्तच.

तिथं ब्रिटनसोबतच राहू म्हणणारे प्रोटेस्टंट आणि आयर्लंडमध्ये जाऊ म्हणणारे कॅथलिक यांच्या झगड्यात तीस वर्षांत सुमारे ३,५०० माणसं मेली. आपल्याकडं बोलचाल बंद होते, दुकानातली उधारी तुटते. दोन्ही एका मापानं मोजायचं कारण नाही. तरी तिथली एक गोष्ट मला इथं सारखी दिसते. समोरच्याकडं जाऊन बोलणं जमतं एकवेळ. बोलून आल्यावर आपल्याच माणसांत तोंड दाखवणं कठीण.

जॉन ह्यूम हे तिथल्या कॅथलिकांचे नेते, हिंसेच्या कायम विरोधात. आयआरए या कॅथलिकांच्या सशस्त्र संघटनेशी जोडलेल्या शिन फेन पक्षाच्या गेरी अॅडम्सशी त्यांची बोलणी चालू आहेत, हे १९९३ मध्ये उघड झालं आणि त्यांच्याच बाजूचे लोक त्यांच्यावर तुटून पडले. पुढच्या वर्षी आयआरएनं शस्त्रसंधी केली, १० एप्रिल १९९८ ला शांतता करार झाला. पलीकडून प्रोटेस्टंटांचे नेते डेव्हिड ट्रिंबल तयार झाले, तर त्याच दिवशी त्यांचा एक सहकारी उठून गेला. ह्यूम आणि ट्रिंबल दोघांना शांततेचं नोबेल मिळालं. मतं मात्र गेली : २००३ पर्यंत दोघांचेही पक्ष आपापल्या बाजूच्या कडव्या पक्षांमागं पडले. आणि गंमत बघा, २००७ मध्ये त्याच कडव्या पक्षांचे इयान पेस्ली आणि मार्टिन मॅकगिनेस सरकारात मांडीला मांडी लावून बसले! शिव्या खाल्ल्या एकांनी, खुर्च्या मिळाल्या दुसऱ्यांना.

आपल्यालाही हे नवं नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव जुलै १९७८ मध्ये विधिमंडळानं मंजूर केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. १४ जानेवारी १९९४ ला अखेर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असं नाव लागलं. 'मराठवाडा' तसाच ठेवला, त्यामुळं विरोध करणाऱ्यांनाही घरी जाऊन सांगायला काहीतरी उरलं. तडजोड शहाणपणाची होती. पण तिला दोन सारख्या बाजूंचा समेट म्हणू नका. घरं कुणाची जळाली ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आरक्षणाचा निकाल गावात लागणार नाही. तो मुंबईत लागेल, दिल्लीत लागेल, कोर्टात लागेल. गावाच्या हातात एवढंच, की हरिनाम सप्ताहाची पंगत एक बसवायची की दोन. पुढाऱ्यांवर भिस्त ठेवू नका, फाटलेल्या गावात त्यांना मतं मोजायला सोपी जातात.

म्हणून विचारणाऱ्याला मी उलट विचारतो : तुमच्यातला कोण अजून त्यांच्या लग्नाला जातो? त्याला व्हॉट्सअॅप ग्रुपवर गद्दार म्हटलं, तेव्हा तुम्ही काय लिहिलंत? जालन्यात एकजण म्हणाला, "मी ग्रुपच म्यूट केला, सर."

म्हटलं, आज उघडा आणि त्याच्या बाजूनं एक ओळ टाका. निवडणूक लागायच्या आत टाका, नंतर कुणी वाचणार नाही.